एकाच स्वरावर चार भाग: शेल्सींची ही रचना तुम्ही कशी ऐकता?

मंद्रपंचम

जाचिंतो शेल्सी या इटालियन रचनाकारांची ‘क्वात्रो पेत्सी सु उना नोता सोला’, म्हणजे ‘एकाच स्वरावरच्या चार रचना’, ही १९५९ सालची वाद्यवृंदासाठीची कृती मी गेले पंधरा दिवस रोज एकदा ऐकतो आहे. सुमारे पंचवीस वादक, जेमतेम पाव तास, चार भाग आणि प्रत्येक भागाला एकच स्वर. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पहिला भाग पांढरी चार, दुसरा पांढरी सात, तिसरा काळी चार आणि चौथा पांढरी सहा. स्वर एकच असला तरी हालचाल सतत चालू असते. तोच स्वर हॉर्नकडून व्हायोलाकडे जातो, वरच्या आणि खालच्या सप्तकांत पसरतो, पाव स्वराने चढतो किंवा उतरतो, थरथरतो, आणि पितळी वाद्यांच्या तोंडाला म्यूट (आवाज दाबणारे बूच) बसवल्यावर एकदम पिचका होऊन येतो.

मी बावीस वर्षे गाणे शिकतो आहे आणि पहाटेचा खर्ज सहसा चुकवत नाही, त्यामुळे एका स्वरावर पाव तास थांबणे मला जड जाऊ नये अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी तिसऱ्या मिनिटाला मी अस्वस्थ होऊन उठलो. षड्जावर स्थिरावल्यावर जी विश्रांती मिळते ती इथे का मिळत नाही, हा माझा प्रश्न आहे. दोष माझ्या कानाचा की रचनेचा? शेल्सींवर पूर्वेकडच्या विचारांचा खोल प्रभाव होता असे सगळीकडे लिहिलेले आढळते. ते खरे असेल तर तंबोऱ्याची शांतता या संगीतात का उतरली नाही?

चकलीची_भाजणी

मी ही रचना स्वयंपाकघरात लावली होती. पाच मिनिटांनी सासूबाई आतून म्हणाल्या, “अगं, कुकरची शिट्टी अडकली आहे का बघ.” सविस्तर प्रतिसाद दुसऱ्यांदा ऐकल्यावर देते.

दूरदेशी

धागा पाहून आनंद झाला, कारण ही रचना मी इथे जर्मनीत एकदा प्रत्यक्ष ऐकली आहे. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे चर्चेला आधार मिळेल.

शेल्सींचा जन्म १९०५ सालचा, ला स्पेत्सिया या बंदराच्या शहराजवळचा. घराणे उमरावांचे असल्याने पैशाची चणचण कधीच नव्हती. सुरुवातीला त्यांनी त्या काळच्या युरोपीय पद्धतींनी लेखन केले. व्हिएन्नामध्ये शोएनबर्गच्या एका शिष्याकडे बारा स्वरांची पद्धतही ते शिकले. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची मानसिक प्रकृती गंभीररीत्या ढासळली आणि त्यांना रुग्णालयात राहावे लागले. तिथल्या पियानोवर ते तासन्‌तास एकच पट्टी पुन्हा पुन्हा वाजवत बसत, असे त्यांच्याबद्दल सांगतात. बरे झाल्यावर ते रोमला स्थायिक झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९८८ पर्यंत, प्राचीन रोमन फोरमला लागून असलेल्या घरात राहिले. रोमच्या उत्तरेला पश्चिम सुरू होते, दक्षिणेला पूर्व सुरू होते आणि सीमारेषा आपल्या घरापाशी फोरममधूनच जाते, असे ते म्हणत असत. प्रसिद्धीसाठी छायाचित्र देण्याचे टाळत. त्याऐवजी एक आडवी रेघ आणि तिच्यावर एक वर्तुळ अशी खूण देत.

आता प्रत्यक्ष अनुभव. ध्वनिमुद्रणात न कळणारी एक गोष्ट सभागृहात कळली. व्यासपीठावर व्हायोलिन एकही नव्हते. दोन व्हायोला, दोन चेलो, एक डबल बेस, आणि बाकी जवळजवळ सगळी फुंकवाद्ये, शिवाय तालवाद्ये आणि करवत. हो, सुताराच्या करवतीसारखेच, गजाने वाजवायचे वाद्य. फुंकवादकांना श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे एकाचा स्वर संपण्याआधी दुसरा अलगद आत शिरतो आणि नेमक्या त्या सांध्यावर स्वराचा रंग बदलतो. डोळ्यांना हा सांधा दिसतो. दोन हॉर्नवादक एकमेकांकडे न पाहता ही देवाणघेवाण करत होते आणि मी पूर्ण वेळ त्या दोघांकडेच पाहत राहिलो.

अस्वस्थता मलाही जाणवली होती. तो दोष मानावा असे मात्र मला वाटत नाही.

तर्ककर्कश

दूरदेशी यांनी माहिती उत्तम दिली, पण मुख्य गोष्ट राहिली. हा माणूस स्वतः लिहितच नव्हता. घरी ऑन्डिओला नावाचे विजेवरचे छोटे कळफलकाचे वाद्य ठेवून तो त्यावर मनात येईल ते वाजवायचा, टेपवर मुद्रित करायचा, आणि त्या टेपवरून स्वरलेखन करण्यासाठी दुसऱ्यांना पैसे द्यायचा. त्यांतला प्रमुख म्हणजे व्हिएरी तोसात्ती, स्वतः ऑपेरा लिहिणारा रचनाकार. शेल्सी वारल्यानंतर काही महिन्यांतच, १९८९ च्या सुरुवातीला, तोसात्तीने एका इटालियन संगीत-नियतकालिकात “जाचिंतो शेल्सी म्हणजे मीच” अशा अर्थाचे विधान करून खळबळ उडवली. तेव्हा एका श्रीमंत माणसाच्या लहरीला आपण अध्यात्म म्हणतो आहोत का, हे आधी तपासावे. वर्तुळ आणि रेघ काढायला कोणालाही जमते.

सासष्टीकर

तर्ककर्कश यांच्या मुद्द्याला आमच्या गोव्यातून उत्तर देतो. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळातले पार्श्ववाद्यमेळ कोणी लिहिले? सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट अशा गोव्याच्या मंडळींनी. संगीतकार चाल सांगत, आणि वीस-तीस वादकांनी नेमके काय वाजवायचे ते ही मंडळी कागदावर उतरवत. म्हणून शंकर-जयकिशन यांच्या चाली सेबॅस्टियनच्या झाल्या असे कोणी म्हणत नाही. त्याच वेळी सेबॅस्टियनचा वाटा ‘केवळ लेखनिकाचा’ होता असे म्हणणाऱ्याला आमच्या गावात चहासुद्धा मिळणार नाही. शेल्सी आणि तोसात्ती यांच्याकडे मी याच नजरेने पाहतो. तोसात्तीचे नाव मुखपृष्ठावर यायला हवे होते, ही तक्रार मान्य. पण त्याच्या स्वतःच्या ऑपेरा आणि ही रचना शेजारी ठेवून ऐका. एकाच स्वराच्या पोटात शिरण्याचे वेड त्याचे स्वतःचे असते, तर ते त्याच्या नावावरच्या संगीतातही कुठेतरी दिसले असते.

लेखनकामाठी

मराठीत यासाठी जुना शब्द आहे: लहिया. दुसऱ्याने सांगितलेले उतरवून घेणारा. पण लहिया शब्द बदलत नाही. ऑन्डिओलाचा आवाज ऐकून ‘हे बास क्लॅरिनेटने वाजवावे, ते करवतीने’ असे ठरवणाऱ्याला लहिया म्हणता येणार नाही. दुसरीकडे, पंडित भातखंडे यांनी उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळवून स्वरलिपीत छापल्या, तरी त्या बंदिशींचे कर्तृत्व त्यांच्याकडे गेले नाही. तोसात्तीची जागा या दोहोंच्या मधली आहे. शेल्सी स्वतःला रचनाकार म्हणवून घ्यायलाही तयार नसत. आपण केवळ मध्यस्थ, पलीकडून आलेले पोहोचवणारे, असे ते सांगत. असे म्हणणाऱ्या माणसाने स्वरलेखकाचे नाव मात्र झाकून ठेवावे, ही विसंगती मला कलात्मक वादापेक्षा जास्त खुपते.

पेटीवाली

ऑन्डिओलाबद्दल कोणी थोडे अधिक सांगेल का? पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही, म्हणून १९४० पासून तीस वर्षे आकाशवाणीने तिला दारात उभे केले नव्हते. या वाद्यात काय वेगळे होते?

दूरदेशी

पेटीवाली, आपल्या पेटीचा जो दोष सांगतात, नेमका तोच त्यात नव्हता. एका वेळी एकच स्वर निघत असे, पण नियंत्रणाच्या बटणांनी तो पट्टीच्या जागेवरून थोडा वर किंवा खाली सरकवता येई, त्याला कंप देता येई आणि त्याचा रंग बदलता येई. दोन स्वर एकत्र हवे असतील तर शेल्सी दुसरी ऑन्डिओला वापरत किंवा एका मुद्रणावर दुसरे चढवत. ‘एकच स्वर, पण सतत हलता’ ही कल्पना कागदावर येण्याआधी त्यांच्या बोटांत आलेली होती. पुढे १९६४ च्या चौथ्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांच्या रचनेत) वाद्याच्या प्रत्येक तारेसाठी स्वरलिपीची वेगळी ओळ द्यावी लागली, इतका हा सूक्ष्मपणा वाढला.

चकलीची_भाजणी

दुसऱ्यांदा ऐकले, या वेळी हेडफोन लावून आणि अंधारात. कुकर नाही हे मान्य करते. तिसऱ्या भागात मला कोणीतरी खूप मोठा, झोपलेला प्राणी श्वास घेतो आहे असे वाटले. मुलाचे मत विचारले तर तो म्हणाला की हे भुताच्या चित्रपटातले संगीत आहे.

सासष्टीकर

मुलगा अगदीच चुकला नाही. ‘शटर आयलंड’ या २०१० सालच्या चित्रपटात शेल्सींच्या ‘उआक्सुक्तुम’ या दुसऱ्या कृतीचा एक भाग वापरला आहे. युरोपने ज्या संगीताकडे बरीच वर्षे पाठ फिरवली ते हॉलिवूडने थरारपटाला लावले, असा हा प्रवास.

अनुनाद

मूळ प्रश्नाकडे येतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे कोरडे वाटेल, ते चालवून घ्यावे.

दोन स्वर जवळजवळ सारखे पण तंतोतंत एक नसतील तर आवाज लहरत लहान-मोठा होतो. एकाची कंपने सेकंदाला २२० आणि दुसऱ्याची २२१ असतील, तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या (एकाच स्वराला जुळवायच्या मधल्या) दोन तारा किंचित वेगळ्या राहिल्या तर असाच संथ हेलकावा येतो. आता शेल्सींचा चौथा भाग पाहा. स्वर पांढरी सहा, कंपने ४४० धरू. दुसऱ्या वाद्याने तोच स्वर पाव स्वराने चढवला तर कंपने साधारण ४५३ होतात आणि हेलकावे सेकंदाला तेरा. इतक्या वेगाचे हेलकावे कानाला सुटे मोजता येत नाहीत. त्यांची खरखर होते. आपण जिला अस्वस्थता म्हणतो आहोत ती बऱ्याच अंशी ही खरखर आहे, आणि ती चुकून आलेली नसून मोजूनमापून लिहिलेली आहे. खरखर वाढते, कमी होते, मधूनच एखाद्या क्षणी सगळी वाद्ये नेमक्या जागी येतात आणि मग पुन्हा विलग होतात. माझ्या मते या रचनेची गोष्ट हीच आहे. रागात स्वर बदलल्याने जो ताण निर्माण होतो आणि सुटतो, तो इथे स्वर न बदलता निर्माण केला आहे.

तर्ककर्कश

अनुनाद यांचे स्पष्टीकरण पटले. ‘ब्रह्मनादा’पेक्षा हे कितीतरी बरे.

सांजवारा

पूर्वेच्या प्रभावाची थट्टा करणेही सोपे आहे. शेल्सींनी आपल्या एका रचनेला ‘प्रणाम’ हे नाव दिले आहे, गिटारसाठीच्या ‘को-था’ या कृतीला शिवाच्या तीन नृत्यांचा संदर्भ आहे, आणि ‘कॉन्क्स-ओम-पाक्स’ या तीन भागांच्या मोठ्या रचनेच्या शेवटी सगळा गायकवृंद ‘ओम’ याच अक्षरावर गातो. योग, थिऑसफी आणि तिबेटविषयी त्यांचे आकर्षण आयुष्यभर टिकले. तरीही मला वाटते की त्यांनी इकडून घेतला तो विचार; इकडचे संगीत त्यांनी घेतले नाही. स्वर गोल आहे, त्याला उंची आणि लांबी यांखेरीज खोलीही आहे, असे ते मांडत. आपल्या गाण्यात खोली येते ती नात्यांमधून. षड्ज आहे म्हणून गंधाराला अर्थ आहे. शेल्सींच्या रचनेत दुसरे कोणी नाहीच, तर नाते कशाशी जुळणार? मंद्रपंचम यांचा कान त्या स्वराला षड्ज करू पाहतो आहे, आणि तो स्वर षड्ज व्हायला तयार नाही.

लेखनकामाठी

दुसरे कोणी नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. चारही भाग एकत्र धरा. पहिल्या भागाचा स्वर, पांढरी चार, षड्ज मानला तर दुसऱ्या भागाचा तीव्र मध्यम होतो, तिसऱ्याचा कोमल गंधार आणि चौथ्याचा शुद्ध गंधार. दोन्ही गंधार आणि तीव्र मध्यम, पंचमाचा पत्ता नाही. कोणता राग म्हणायचा हा?

पेटीवाली

राग मनोरुग्णालयी. (माफ करा, राहवले नाही.)

दूरदेशी

गमतीपुरते ठीक आहे, पण श्रोत्याला हे नाते ऐकू येते का, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक भाग साधारण चार मिनिटे कान त्या एका स्वराने पूर्ण भरून टाकतो. दुसरा भाग सुरू होईपर्यंत पहिल्याचा स्वर माझ्या कानातून पुसला गेलेला असतो. मला हे चार वेगळे कक्ष वाटतात. एकातून दुसऱ्यात जाणारी वाट मला सापडलेली नाही.

आणखी एक संदर्भ. १९६१ मध्ये पॅरिसमध्ये हिचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा युरोपातल्या नव्या संगीतावर बारा स्वरांना समान न्याय देणाऱ्या काटेकोर पद्धतीचे राज्य होते. इटलीचे नोनो, माडेर्ना, बेरिओ हे सगळे त्या चर्चेच्या मध्यभागी होते. बारापैकी अकरा स्वर बाजूला ठेवणाऱ्या माणसाचे त्या वर्तुळात काय काम? पुढे १९७० च्या दशकात ग्रिझे आणि म्युराय हे तरुण फ्रेंच रचनाकार रोमला असताना शेल्सींना भेटले. स्वराच्या पोटातल्या उपस्वरांवरच संगीत उभारणारी त्यांची शाळा नंतर बहरली आणि मग लोक मागे वळून शेल्सींकडे पाहू लागले. तोवर ते सत्तरी ओलांडून गेले होते.

मिरजेचा_भोपळा

बरेच दिवस वाचतो आहे, लिहायचा योग आज आला. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे बनवण्याचे काम चालते. इंग्रजी संगीतातले मला काही कळत नाही, पण मुलाने मोबाइलवर ही रचना लावून दिली आणि मी काम करता करता दोनदा ऐकली. त्या वेळी माझ्यासमोर एक बायकी तंबोरा जवारीसाठी, म्हणजे तारेचा आवाज खुलवण्यासाठी, होता, म्हणून मला जे सुचले ते सांगतो.

गिऱ्हाइकाला वाटते की जवारी म्हणजे घोडीवर तारेखाली असलेला दोरा योग्य जागी सरकवणे. दोरा हे शेवटचे काम. त्याआधी घोडीचा माथा कानशीने आणि काचपेपरने थोडा थोडा घासायचा, तार चढवायची, ऐकायचे, तार उतरवायची, परत घासायचे. केसभर जास्त घासले गेले तर तार नुसती झणझणते, कमी पडले तर बंद, मुका आवाज येतो. या दोन टोकांच्या मधे एक जागा अशी येते की तारेचा सूर उघडतो आणि खर्जातून गंधार आपोआप बोलू लागतो. त्या जागेला पोहोचेपर्यंतचा अर्धा दिवस माझ्या कानात जे चाललेले असते, ते मला या रचनेत ऐकू आले. झणझण, मुकेपणा, मधेच एकदम उघडलेला सूर, आणि लगेच गेलेला.

तुम्ही गवई लोक तंबोरा जुळल्यानंतर बसता. आमचा सगळा दिवस जुळण्याच्या आधीचा असतो. मला ही रचना ऐकताना अस्वस्थ वाटले नाही, रोजचेच वाटले.

सांजवारा

मिरजेचा_भोपळा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझे ‘नाते नाही’ हे विधान मी मागे घेते. जवळ येण्याची धडपड हेही नातेच आहे.

अनुनाद

जुळवण्यावरून आठवले. पाश्चात्त्य वाद्यवृंद कार्यक्रमाआधी ज्या स्वराला जुळवतात तो पांढरी सहाच. ओबोवादक तो स्वर देतो आणि बाकीचे त्याला मिळवून घेतात. शेल्सींच्या चौथ्या भागाचा स्वरही तोच. शेल्सींनी तो याच विचाराने निवडला असा माझा दावा नाही.

दूरदेशी

अनुनाद, हे माझ्या लक्षात कसे आले नाही! त्या कार्यक्रमात चौथा भाग सुरू झाला तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी पत्नीच्या कानाशी वाकून विचारले होते की हे अजून वाद्ये जुळवत आहेत का. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांना हसलो होतो.

तर्ककर्कश

आजोबांचा माझ्यातर्फे जाहीर सत्कार करण्यात यावा.

मंद्रपंचम

सर्वांचे आभार. काल एक प्रयोग केला, तो नोंदवतो.

आधी मोबाइलवरचा तंबोरा पांढरी चारला लावून त्याच्या सोबत पहिला भाग ऐकला. ते असह्य झाले. वाद्यवृंद जिथे जिथे पाव स्वराने हलतो तिथे तो बेसूर आहे असेच मन म्हणत राहिले, कारण निवाडा करायला यंत्राचा न हलणारा षड्ज शेजारी बसलेला होता. दोन मिनिटांत मी तो बंद केला. सांजवारा म्हणतात तसे, मी त्या स्वराला बळेच षड्ज करत होतो.

मग मिरजेचा_भोपळा यांचे वाचून माझा तंबोरा गवसणीतून काढला. आठ-दहा दिवस हात लागला नव्हता, त्यातून पावसाळी हवा, म्हणजे चारही तारा उतरलेल्या. नेहमी मी हे काम घाईने उरकतो, मणी सरकवून मोकळा होतो. काल मुद्दाम वेळ घेतला. जोडाच्या दोन तारांपैकी एक जागेवर ठेवली आणि दुसरी खुंटी पिळत अगदी सावकाश तिच्याजवळ नेली. आधी खरखर, मग मोजता येतील असे हेलकावे, मग एकेक हेलकावा लांबत गेला. नेमके एक होण्याच्या आधी क्षणभर आवाज इतका रुंद झाला की मी खुंटीवरचा हात काढून घेतला आणि तार तिथेच सोडली. तशीच ठेवून चौथा भाग लावला.

मी उठलो नाही. शांतता मिळाली असे मात्र म्हणणार नाही. गाण्याच्या बैठकीत तंबोरे जुळत असतात तेव्हा श्रोते आपसांत बोलत असतात, पान लावत असतात, आणि जुळले की गप्प होतात. शेल्सींनी त्या आधीच्या पाच मिनिटांवरच रचना लिहिली आहे आणि गप्प बसून ती ऐका असे सांगितले आहे, असे मला काल वाटले.

एक प्रश्न उरला. चौथा भाग संपल्यावर तंबोरा पूर्ण जुळवायला घेतला, तर खर्जाचा गंधार काही केल्या बोलेना. मिरजेचा_भोपळा, दोरा बदलून पाहू की घोडी घासायची वेळ आली आहे?

मिरजेचा_भोपळा

दोरा आधी बदलून पाहा, साधा सुती, एकपदरी. नाही बोलला तर घोडीला स्वतः कानस लावू नका. तंबोरा घेऊन या, चहा घ्या, आणि मोबाइलवर ते चार भाग पण घेऊन या. या वेळी घरातल्या दुसऱ्या कारागिरांना ऐकवायचे आहेत.

चकलीची_भाजणी

सासूबाईंना आज सांगितले की तो कुकर नव्हता, इटलीचा वाद्यवृंद होता. त्या म्हणाल्या, “मग शिट्टी एकाच सुरात कशी होती?” धाग्याचा दुवा पाठवला आहे, त्या वाचत आहेत.